वाकलेले पाते पुन्हा पाजावे का?

प्रश्न : जीपच्या जुन्या कमानपाट्यातून मी स्वयंपाकघरासाठी सुरी घडवली. पाते लाल करून बादलीतल्या पाण्यात बुडवताच ते एका बाजूला वाकले. कानस लावली तर ती पात्याला खाते, आणि ग्राइंडरवर धार काढताना टोकही निळे पडले. ते सरळ करून पुन्हा पाजावे, म्हणजे लाल तापवून बुडवून कडक करावे, की टाकून द्यावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण तीन दोष लिहिले आहेत, पण पाते ठेवायचे की नाही हे चौथ्यावर ठरेल, तो म्हणजे तडा. कमानपाट्याच्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६५ टक्के कार्बन आणि जोडीला क्रोमियम किंवा सिलिकॉन असल्याने ते तेलातही पुरेसे कडक होते. पाण्यात मात्र इतक्या झपाट्याने निवते की पातळ धारेपाशी तडकण्याचा धोका मोठा असतो. पात्यावर रॉकेल लावून काही वेळाने ते कोरडे पुसावे आणि खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल ओल्या रेघेसारखे वर उमटते. तशी रेघ दिसल्यास पाते बाद समजावे. वेल्डिंग करून ते वाचवण्याच्या फंदात पडू नये.

कानस खाते एवढ्यावरून मात्र पाते मऊ राहिले असे म्हणता येत नाही, कारण भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून वरचा पातळ थर मऊ पडतो. तो थर दगडावर घासून काढावा आणि मग पुन्हा कानस लावून पाहावी.

कानस न खाता घसरली, तर पाते आत कडक आहे. अशा वेळी ते ऐरणीवर थंड ठोकले तर मोडेल. पाजल्यानंतर पाते नरमावल्याचा, म्हणजे बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवल्याचा, उल्लेख आपल्या पत्रात नाही. तेव्हा आधी ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर दोन तास ठेवून निवू द्यावे. मग जाड, सरळ पट्टीवर फुगवटा वर येईल असे ठेवून, दोन्ही टोकांखाली पत्र्याचे तुकडे देऊन, मध्यावर क्लॅम्प हळूहळू आवळावा, म्हणजे पाते किंचित उलट दिशेला वाकेल. त्याच स्थितीत पुन्हा दोन तास तापवावे. बाक एकदम न गेल्यास हीच कृती पुन्हा करावी. टोकाचा निळा भाग ३०० अंशांच्या आसपास तापून मऊ झालेला असतो, म्हणून तो पाण्यात वारंवार बुडवत, सावकाश घासून काढून टाकावा.

कानसेने पुन्हा खाल्ले, तर सगळे नव्याने करावे लागेल आणि निळेपणाचा प्रश्नही त्यातच मिटेल. लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे ७७० अंशांच्या थोडे पुढे, पाते तापवून हवेत निवू द्यावे. असे तीनदा करताना लाल असतानाच ते सरळ करून घ्यावे. धार मागे घासून निदान एक मिलिमीटर जाड ठेवावी. सुरीची रुंदी त्यामुळे थोडी घटेल, पण पातळ धार पुन्हा लाटेसारखी वाकते. पाजण्यासाठी लोखंडी, झाकणाच्या भांड्यात ५०–६० अंशांपर्यंत कोमट केलेले गोडेतेल घ्यावे, पाते पुन्हा तितकेच तापवून त्यात टोकाकडून सरळ खाली सोडावे आणि डावीकडे-उजवीकडे हलवू नये. हात लावण्याइतके निवताच ओव्हनमध्ये वरीलप्रमाणे दोनदा नरमावावे, आणि अखेरची धार त्यानंतरच काढावी.