फ्लॉपीतला मराठी मजकूर जपताना कामाची पद्धत कशी लिहावी?

तुमच्या वाचनालयाकडे एका दिवंगत संपादकांच्या फ्लॉप्या, सीडी आणि हार्ड डिस्क आल्यात, आणि जतनाची नियमावली कशी लिहायची असं तुम्ही विचारलंय. नियमावली आत्ता लिहू नका. आज काम जसं होतं, तसं आधी टिपा. जो फ्लॉपी उघडतो त्याच्या शेजारी वही घेऊन बसा. लेबलचा फोटो कधी काढला, फाइल कुठे गेली, कुठे अडून दुसऱ्याला विचारावं लागलं, सगळं लिहा.

आमच्या कागदावर 'फाइल कॉपी करणे' एवढीच ओळ होती. शेजारी बसल्यावर कळलं, एक जण अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढत होता आणि दुसरा फाइली ओढून फोल्डरमध्ये टाकत होता. त्या प्रतींवर निर्मितीची तारीख कॉपी केल्या दिवसाची पडली होती. त्यानंतर आम्ही क्रम ठरवला: फ्लॉपीची खिटी सरकवून लेखन बंद करायचं (हार्ड डिस्कला राइट ब्लॉकर, म्हणजे तिच्यावर काही लिहू न देणारं उपकरण, लावायचा), इमेज काढायची, लगेच चेकसम (फाइलमधून काढलेला ओळख-आकडा; फाइल बदलली की तोही बदलतो) नोंदवायचा, मग व्हायरस तपासणी. फाइल एकाकडून दुसऱ्याकडे गेली की चेकसम पुन्हा जुळवायचा.

आपल्याकडची खरी मेख मात्र फॉन्टची. ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जचं 'ड्रॉइड' हे फाइलचा प्रकार ओळखणारं सॉफ्टवेअर फाइल वर्डची आहे हे सांगेल; आतला मजकूर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहे की आणखी कशात, हे नाही. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून नोंदवहीत फॉन्टचा वेगळा रकाना हवाच. युनिकोडमधली (कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसेल अशा आजच्या प्रमाण संकेतांतली) प्रत स्वतंत्र ठेवा, मूळ फाइल तशीच राहू द्या, आणि कुठल्या कन्व्हर्टरने, कोणी, कधी बदल केला ते लिहा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. त्यामुळे 'कार्यकर्ता', 'स्थिती' असे शब्द माणसानेच वाचून तपासायचे.

अमेरिकेत एज्युकोपिया इन्स्टिट्यूट आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्या 'ओएसएस आर्कफ्लो' प्रकल्पातही 12 संस्थांच्या प्रत्यक्ष कामाचे आराखडे काढले होते. तुमचा आराखडा फळ्यावर खडूने काढलात तरी चालेल. एका वेळी एकच पायरी बदला आणि तारखेसह कारण लिहा. कारण नसलेला बदल वर्षभराने कोणीतरी नक्की मागे फिरवतं.

पहिल्या पाच फ्लॉप्या अशा करा आणि कुठला रकाना सारखा रिकामा राहतोय ते इथे लिहा. त्यावरून पुढची पायरी ठरवू.