बाळंतपणात बाळाला इजा झाली, आता भरपाईचे काय?

सोलापूर शहर आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नावे गाळली आहेत.

प्रश्न : खासगी दवाखान्यात पहिले बाळंतपण झाले. रात्रभर कळा, सकाळी घाईघाईने सिझर. बाळ रडले नाही, दुसऱ्या दिवशी झटके आले. आता चौदा महिन्यांचा आहे, मान धरत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) सांगितलीय. केस होते का? दवाखाना डिस्चार्ज कार्डाशिवाय काही देत नाही. (एक आई, विडी घरकुल)

ताई, केस होते की नाही ते कागदांवर ठरेल, आणि ते कागद मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. त्याच नियमांत नोंदी जपायचे बंधन तीनच वर्षांचे आहे, तेव्हा 'बघू सवडीने' नको.

'सगळे कागद द्या' एवढेच लिहू नका, एकेक नाव घाला : कळांची प्रगती दाखवणारा पार्टोग्राफ, बाळाच्या ठोक्यांचा सीटीजी आलेख, नर्सच्या नोंदी, जन्मताच बाळाची तब्येत मोजणारा पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा ॲपगार स्कोअर, एनआयसीयूची (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची) फाइल, मेंदूचा एमआरआय. सिझरचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता बाहेर आले, हेही मागा.

आता थोडे कडू बोलतो. सेरेब्रल पाल्सीच्या बहुतांश मुलांत कारण बाळंतपणातले गुदमरणे नसते. गर्भातला संसर्ग, दिवस पूर्ण न भरणे, मेंदूच्या घडणीतला दोष अशी कारणेही असतात. 'बाळाचे असे झाले, म्हणजे डॉक्टर चुकले' एवढ्यावर ग्राहक आयोग निकाल देत नाही. ठोके घसरत असताना कोणी पाहिले नाही किंवा पाहून हालचाल केली नाही, हे दाखवावे लागते. शिवाय वेळीच सिझर झाले असते तर ही इजा टळली असती, हेही. नोंदीत मधले काही तास कोरेच असतील तर तोही तुमच्या बाजूचा मुद्दा. फाइल स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ, दोघांना दाखवा. गावातले डॉक्टर सहसा एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत. पुण्याला जावे लागले तर जा. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. मुलाचा दुसरा वाढदिवस यायच्या आत दाखल करा. आणि केसच्या धावपळीत फिजिओथेरपी चुकवू नका.

प्रश्न : दवाखान्याचे बिल 70 हजार झाले. आम्हाला 60 लाख मागायचे आहेत. एवढ्यासाठी मुंबईला जावे लागते म्हणे? (अक्कलकोट)

नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही किती मागता हे बघत नाहीत, किती पैसे मोजले ते बघतात. 50 लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा आयोग, म्हणजे सोलापूरच. मोजलेले पैसे 5 लाखांच्या आत असतील तर तक्रारीला फीसुद्धा नाही.

60 लाख हा आकडा मात्र कुठून आला ते मांडावे लागेल : झालेला खर्च, पुढची थेरपी, उपकरणे, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, महागाई. कमी दिवसांच्या एका मुलीच्या डोळ्यांची तपासणी वेळेत न झाल्याने तिची दृष्टी गेली. त्या चेन्नईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये महागाई धरून सुमारे 1 कोटी 80 लाख मंजूर केले. आईवडिलांच्या मनस्तापाची भरपाई वेगळी मागता येते, हे 1998 पासून ठरलेले आहे.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात मोफत बाळंतपण झाले. खांदा अडकला, ओढताना मुलीचा हात अधू झाला. ती चार वर्षांची आहे. वेळ गेली का? (मोहोळ)

तिची नाही गेली. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथे ग्राहक आयोगात जाता येत नाही. केसपेपरची किरकोळ फी मोबदला धरत नाहीत. दिवाणी दावा मात्र होतो. मुदत कायद्याच्या कलम 6 मुळे अज्ञान मुलाची मुदत अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोजायला सुरुवात होत नाही. दावा मुलीच्या नावाने, तुम्ही वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने दावा चालवणारे. आधी शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस. सरकारी दवाखाना म्हणून जबाबदारी सुटत नाही : औरंगाबादच्या सिव्हिलमध्ये 1963 साली पोटात कापड राहिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये राज्य शासनालाच जबाबदार धरले.

नोंदी माहितीच्या अधिकारात मागा. खांदा अडकणे पुष्कळदा आधी कळत नाही. म्हणून आईची साखर, सोनोग्राफीतले बाळाचे वजन आणि खांदा अडकल्यावर नेमके काय केले, या तीन नोंदी आधी बघा.

प्रश्न : दवाखाना दोन लाख देतो म्हणतो, स्टॅम्पपेपरवर सही मागतो. पाहुणे म्हणतात, घ्या. वकील जिंकल्यावर तीस टक्के मागतात. (नातवाचे आजोबा, बार्शी)

आजोबा, सही करू नका. मुलाला पुढे काय लागेल हे डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत दोन लाख कमी की जास्त हे तुम्हालाही कळणार नाही. पुढे दिवाणी दावा दाखल झाला तर मुलाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते. आणि पाहुण्यांना घेऊन दवाखान्यात गोंधळ घालू नका. 2010 च्या राज्य कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे, मग तडजोड तुम्हालाच करावी लागेल.

भरपाईत टक्केवारी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. बायका, मुले आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बार्शीच्या न्यायालयात तालुका समितीकडेही तो देता येतो. सोबत मुलाचा जन्मदाखला ठेवा.