'करायलेय' आणि 'करणं'

प्रश्न : सर नमस्कार, मी उदगीरची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायलेय. बाकी ग्रामर जमतं पण जेरुंड आलं की माझं डोकंच चालत नाही, आयएनजी दिसलं की कंटिन्यूअस एवढंच शाळेपासून डोक्यात बसलंय. आणि वॉन्टपुढं टू चालतं मग एन्जॉयनं काय पाप केलं? यादी पाठ केली होती, चार दिवसात विसरले.
– एक वाचक, उदगीर

उत्तर : अगं, निम्मं उत्तर तुझ्याच पत्रात आहे की! 'अभ्यास करायलेय' लिहिलंस ना, पुण्याकडं 'करतेय' म्हणतात, आपण करायलेय, ते झालं कंटिन्यूअस, आय अ‍ॅम स्टडिंग. आता म्हण 'अभ्यास करणं अवघड आहे'. इथं 'करणं' हे नाम झालं, स्टडिंग इज डिफिकल्ट, आणि हेच जेरुंड. इंग्रजीत दोन्हीकडं स्टडिंगच दिसतं म्हणून आपण फसतो, मराठीत मात्र शब्दच बदलतो. त्यामुळं आयएनजी दिसलं की आधी मराठीत बोलून बघ, करणं नाहीतर करण्याचं असं काही आलं तर जेरुंड. टँकरवर ड्रिंकिंग वॉटर लिहितात, ते पाणी काही स्वतः कुणाला पीत नसतं, ते पिण्याचं पाणी. (2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलं तेही ड्रिंकिंग वॉटरच, आपल्याला हा शब्द वेगळा शिकवायची गरज नाही.)

प्रीपोझिशनचं, म्हणजे इन, अबाउट, बिफोर असल्या शब्दांचं, तर अजून सोपं, त्यांच्यापुढं आयएनजी. शिकण्यात, शिकण्याबद्दल, शिकण्याआधी, आपल्याकडं '-ण्या' येतं तसं तिकडं इन लर्निंग, अबाउट लर्निंग, बिफोर लर्निंग. फक्त लुक फॉरवर्ड टू मध्ये भले भले पडतात. तिथं टू नंतर इट (it, म्हणजे 'ते', खाण्याचं नव्हे) ठेवून बघ, लुक फॉरवर्ड टू इट चालतं म्हणजे तो टू प्रीपोझिशन आहे, म्हणून टू मीटिंग यू. वॉन्ट टू इट असं कुणी म्हणत नाही, म्हणून वॉन्ट टू मीट.

आता तुझं एन्जॉय. इथं मात्र मराठी दगा देते, कारण आपण 'गाणी ऐकायला मजा येते' म्हणतो आणि त्या '-यला'चा सरळ टू करून टाकतो. ढोबळ हिशोब असा की वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस यांचं काम अजून व्हायचं असतं, तिथं टू, आणि एन्जॉय, फिनिश, अ‍ॅडमिट यांचं काम चालू तरी असतं नाहीतर झालेलं तरी, तिथं आयएनजी. सजेस्ट आणि कन्सिडर या हिशोबात बसत नाहीत, काम पुढचं असूनही आयएनजी घेतात, ते दोन पाठच कर. लाइक, स्टार्टला दोन्ही चालतं, त्यात वेळ घालू नको.

पेपरात खरी गंमत स्टॉपची असते. लातूरला जाताना नळेगावला चहा प्यायला थांबलो, स्टॉप्ड टू ड्रिंक टी. डॉक्टरनं दम दिला म्हणून चहा पिणंच थांबवलं, स्टॉप्ड ड्रिंकिंग टी. एकात चहा मिळाला, एकात गेला! रिमेंबरचंही तसंच, कुलूप लावल्याचं आठवतंय म्हणजे रिमेंबर लॉकिंग, आणि आई घरातून निघताना ओरडते ना, 'कुलूप लावायचं ध्यानात ठेव', ते रिमेंबर टू लॉक.