प्लेसमेंटचा पगार कर्जाच्या कागदावर मांडू नका

ताई, तुमचं पत्र मिळालं आणि सोबतचं वहीचं पानही. आकडेमोड शिक्षिकेची आहे हे लगेच कळलं, कारण २२,००० × १२० = २६,४०,००० या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा आहेत. मला आज बोलायचंय ते त्याच ओळीबद्दल: प्लेसमेंटच्या वर्षाचा २२,००० पौंड पगार, पौंडाला १२० रुपये धरून.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कुटुंब नाशिकचं. लेकीची बारावी झाली आणि भूगोलच करायचा हे तिचं कधीचंच ठरलेलं. इंग्लंडच्या एका विद्यापीठाने सप्टेंबर २०२६ साठी तिला दोन पर्याय दिलेत. एक तीन वर्षांची बीएस्सी, आणि दुसरा तीच पदवी चार वर्षांत, ज्यात तिसरं वर्ष एखाद्या कंपनीत किंवा सरकारी खात्यात काम करायचं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत, वडील सातपूरला नोकरीत, वय ५१. धाकटा आठवीत. म्युच्युअल फंडात ४६ लाख, ठेवी १८ लाख, मखमलाबादकडचा एनए प्लॉट साधारण ५५ लाखांचा, वडिलांचा पीएफ ४० लाख. बेत असा की राहता फ्लॅट तारण ठेवून ७५ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं आणि प्लेसमेंटच्या पगारातून त्यातले वीसेक लाख फेडून टाकायचे. ताई विचारतात, "चार वर्षांचाच कोर्स घेऊ ना?"

आधी त्या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'प्लेसमेंट' म्हटलं की कॉलेजात कंपन्या येतात, मुलाखती होतात, मुलं नोकरीला लागतात. तिकडे हा शब्द वेगळ्या अर्थाने चालतो. कोर्सच्या नावात प्लेसमेंट इयर असलं तरी जागा बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यानेच शोधायची असते. विद्यापीठ बायोडेटा तपासून देतं, मुलाखतीची तयारी करून घेतं, कंपन्यांच्या याद्या देतं. दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून अर्ज सुरू होतात. जागा मिळाली नाही तर साधारणपणे तीन वर्षांच्या कोर्सवर परत. म्हणजे तुमच्या लेकीच्या हातात आज आहे ती वर्षभर काम करण्याची परवानगी. काम अजून मिळायचंय.

पगाराचंही तसंच. पदवीचा भाग म्हणून केलेल्या एक वर्षापर्यंतच्या प्लेसमेंटला ब्रिटनचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. मोठ्या इंजिनिअरिंग सल्लागार कंपन्या बरा पगार देतात. छोटी पर्यावरण संस्था जाण्यायेण्याच्या भाड्यावरही ठेवून घेऊ शकते, आणि ते कायद्यात बसतं.

तरी धरून चालू की २२,००० पौंडांची जागा मिळाली. जुलै ते जून असं काम केलं तर पगार दोन करवर्षांत विभागतो, कारण तिकडचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नाही. पहिल्या नऊ महिन्यांच्या साधारण १६,५०० पौंडांवर ७८६ पौंड आयकर. उरलेल्या तीन महिन्यांची कमाई करमुक्त मर्यादेच्या आतच आहे, पण कंपनी महिन्याच्या हिशेबाने तिथेही सुमारे ४७० पौंड कापणार. ते परत मिळतात. अंतिम वर्षाच्या गडबडीत मुलं मागायला विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. शिवाय नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे तिकडची पगारातून होणारी सामाजिक सुरक्षेची कपात, ७५० च्या आसपास. हातात येतात २०,४५० पौंड.

आता त्याच वर्षाचा खर्च. ब्रिटिश विद्यार्थ्यांना या वर्षासाठी कमाल फीच्या २० टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना असं कायद्याचं संरक्षण नाही, विद्यापीठ ठरवेल ती फी. मी ५,५०० पौंड धरलेत. राहणं-खाणं-प्रवास १४,०००, कारण विद्यार्थी वसतिगृह सुटलेलं असतं आणि काम बहुधा दुसऱ्याच शहरात. व्हिसा वर्षभराने लांबला म्हणून आरोग्य अधिभाराचे (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) आणखी ७७६. बेरीज २०,२७६.

आले २०,४५०, गेले २०,२७६. लाल रेघांखालचे साडेसव्वीस लाख इथे संपले, ताई.

आणि एक खर्च तर कुठल्याच माहितीपत्रकात सापडायचा नाही. शैक्षणिक कर्जाचं व्याज पहिला हप्ता उचलल्यापासून धावायला लागतं, फेड मात्र कोर्स संपल्यावर. ७५ लाख तीन सारख्या हप्त्यांत उचलले आणि १० टक्के सरळव्याज धरलं, तर तीन वर्षांच्या कोर्समध्ये फेड सुरू होईतो १७ लाखांच्या आसपास व्याज साचतं. चार वर्षांच्या कोर्समध्ये ते २२ लाखांपर्यंत जातं. म्हणजे ज्या वर्षाने कर्ज कमी व्हायचं, त्यानेच ते पाच लाखांनी वाढवलं.

मग ते वर्ष नकोच का? मी उलटं म्हणेन. तीन आणि चार यांत निवडायचं तर डोळे झाकून चार. माझ्या एका ग्राहकाचा मुलगा या वाटेने गेला. तीसेक अर्ज केले. काही जाहिरातींत सुरक्षा तपासणीसाठी ब्रिटनमधल्या मागच्या तीन-पाच वर्षांच्या वास्तव्याची अट, ती परदेशी मुलाला पुरी करणं शक्यच नव्हतं. शेवटी एप्रिलमध्ये एका सल्लागार कंपनीत पूर-जोखमीच्या कामावर घेतलं. इंग्लंडमध्ये नदीकाठच्या पूरप्रवण पट्ट्यात बांधकाम करायचं तर परवानगीच्या अर्जासोबत पूर-जोखमीचा अहवाल लागतो, आपल्याकडच्या निळ्या-लाल पूररेषांच्या जातीचंच प्रकरण. हा मुलगा वर्षभर लायडारचे, म्हणजे लेझरने मोजलेले, जमिनीच्या उंचीचे आकडे नकाशावर चढवून कुठल्या गल्लीत किती पाणी येईल ते काढत होता. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कमरेवरून मोजतात, तेच काम पण सेंटिमीटरमध्ये. परतला तेव्हा त्याच्या बायोडेटात भूगोल या शब्दाशेजारी एक खरंखुरं काम होतं.

भूगोलाच्या पदवीला याची गरज जास्तच. इंजिनिअरिंगवाल्याला काय येतं हे मालकाला सांगावं लागत नाही, भूगोलवाल्याला दाखवावं लागतं. त्यात नियम कडक झालेत. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना शिक्षणानंतर राहायला दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळतील. त्यानंतर कुशल कामगार व्हिसा हवा तर नवख्या उमेदवारालाही सध्या किमान ३३,४०० पौंड पगार लागतो, आणि नकाशाशास्त्र किंवा पर्यावरण क्षेत्रातले सुरुवातीचे पगार बरेचदा त्याखालीच असतात. या १८ महिन्यांत आधीच ओळखणारा मालक असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

एक बारकावा. चारवरून तीनवर उतरणं सोपं. तीनवर प्रवेश घेऊन मग चारवर चढायचं म्हणजे नव्याने कागदपत्रं, व्हिसा वाढवणं, परत फी, परत अधिभार. म्हणून नाव चार वर्षांच्या कोर्सलाच नोंदवावं आणि घरात आधीच ठरवावं: पगारी जागा मिळाली तर जायचं, बिनपगारी असेल तर गपचूप तिसऱ्या वर्षात बसायचं. बिनपगारी वर्ष म्हणजे २४ लाख खिशातून.

इथवर तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण पानाच्या डाव्या बाजूचा हिशेब मला जास्त छळतोय. सरासरी २८,००० पौंड फीची तीन वर्षं, दरवर्षी १२,५०० राहण्याचे, व्हिसा, अधिभार, विमानं मिळून ६,०००. एकूण १,२७,५०० पौंड, म्हणजे १ कोटी ५३ लाख रुपये. चौथ्या वर्षाची चिंता करता करता हे दीड कोटी तुम्ही 'होईल काहीतरी' मध्ये टाकलेत.

७५ लाखांचं कर्ज व्याजासकट २०३० च्या अखेरीस ९७ लाख झालेलं असेल. बारा वर्षांत फेडायचं तर महिन्याला १ लाख १६ हजारांचा हप्ता. तेव्हा तुमचे मिस्टर ५५ चे. निवृत्ती ५८ ला. हप्ता संपेल तेव्हा ते ६७ चे असतील, आणि मुलगी भारतात परतली तर तिच्या सुरुवातीच्या पगारातून हा हप्ता निघणं कठीण. तारण काय, तर राहतं घर. धाकटा तेव्हा बारावीत असेल. त्याच्यासाठी काय ठेवलंय, ते पत्रात कुठे दिसलं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर फ्लॅट आणि पीएफ या दोन गोष्टी टेबलावरून उचलून आत ठेवल्या असत्या. प्लॉट विकायचा. कर वजा जाता जवळपास पन्नास हातात येतील. २३ जुलै २०२४ च्या आधीचा असल्याने कर १२.५ टक्क्यांनी की महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, यातला कमी तो निवडता येतो, सीएंना दोन्ही काढायला सांगा. फंडातले पस्तीस, ठेवीतले दहा. उरलेल्यासाठी कर्ज, पण ४० लाखांच्या वर नाही. त्याचा हप्ता ६२ हजारांच्या घरात बसतो. बेरीज होते १ कोटी ३५ लाख. कमी पडतात अठरा लाख. ते शिष्यवृत्तीने, फी-सवलतीने किंवा आजोळच्या बिनव्याजी मदतीने भरत असतील तर पाठवा. प्लेसमेंटच्या पगाराने भरणार असाल तर नका पाठवू.

प्लॉट धाकट्यासाठी राखायचा असेल, आणि तसं वाटणं मला रास्त वाटतं, तर दुसरी वाट आहे. पुण्यात फर्ग्युसनसारख्या महाविद्यालयात भूगोल, सुट्ट्यांत एखाद्या जीआयएस (संगणकीय नकाशांच्या) कंपनीत उमेदवारी, आणि मग इंग्लंडला एक वर्षाची एमएस्सी. ते वर्ष फी-राहण्यासकट ५३-५४ लाखांत होतं, नंतरचे १८ महिने तिलाही मिळतात. तोटा खरा आहे: एक वर्षाच्या एमएस्सीत सहसा प्लेसमेंट नसते, आणि तिकडचा मालक ओळखीचा होण्याआधीच घड्याळ सुरू होतं. लेकीला हे आवडणार नाही. पण तिला हप्त्याचा आकडा दाखवलाय का? अठरा वर्षांच्या मुलीला तो कळतो.

किरकोळ दोन गोष्टी. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापतात, कर्जातून पाठवलेल्या रकमेवर नाही. कापलेला रिटर्नमध्ये वळता होतो, पण फी भरायच्या महिन्यात तो जास्तीचा जवळ हवा. आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तुम्ही दोघंही नवीनमध्ये आहात.

होकार कळवण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा: माझ्या लेकीकडून प्लेसमेंटच्या वर्षाची फी नेमकी किती घेणार, ट्यूशन फी चारही वर्षं गोठलेली आहे की दरवर्षी वाढणार, आणि मागच्या बॅचमधल्या भूगोलाच्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना पगारी जागा मिळाली. ईमेल लेकीलाच लिहू द्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर ते जसंच्या तसं मला पाठवा, आणि वहीचं पान नव्याने मांडून, या वेळी पगाराचा रकाना कोरा ठेवून.