घरच्या स्ट्रॉबेरीचे प्रश्न आणि दुकानातलं टॉनिक

यंदा शेतातल्या प्रश्नांपेक्षा गच्चीवरच्या स्ट्रॉबेरीचेच प्रश्न जास्त आलेत. पहिल्यांदाच लावणारी मंडळी आहेत, बरीचशी शेतकरी घरातलीच, म्हणून माती-पाण्याचं अ आ इ पासून सांगत बसत नाही. थेट मुद्द्यावर येतो.

कोरेगावकडच्या ताईंनी फोटो पाठवलाय, पानांच्या कडा करपल्यात, आणि दुकानदार म्हणाला बुरशी आहे, हे पावडर मारा आणि वरून हे टॉनिक द्या. ताई, बुरशी नाही ती. तुम्हीच खाली लिहिलंय की दर चार दिवसाला एकोणीस-एकोणीस-एकोणीस या पाण्यात विरघळणाऱ्या खताचा एक चमचा कुंडीत टाकते. अहो एक चमचा म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास खत झालं, एवढ्याशा कुंडीत! स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत, आपल्या नेहमीच्या पिकांत इतकं नाजूक पीक दुसरं नसेल. लिटरला एक ग्रॅम, दहा-बारा दिवसांतून एकदा, कुंडीला पेलाभर, बस. आता पंधरा दिवस खत पूर्ण बंद, आणि दोन वेळा साधं पाणी भरपूर द्या, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत. टॉनिक आणलंच असेल तर ठेवून द्या. करपलेली पानं हिरवी होणार नाहीत, नवीन फुटतात ती बघा.

याच्याच जोडीला एक, आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका. पाणी वाचतंय म्हणून लोक घालतात पण त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात. बोअरचं पाणी जड असेल तरी तोच प्रकार, हळूहळू होतो एवढंच.

नगरकडून विचारलंय की कोवळी पानं पिवळी पडलीत पण शिरा हिरव्या आहेत, दुकानात युरिया दिलाय. टाकू नका. परत सांगतो, टाकू नका. ही लोहाची कमतरता, चुनखडीच्या काळ्या मातीत हमखास येते. स्ट्रॉबेरीला मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाच ते साडेसहा लागतो आणि आपली काळी माती आठाच्या घरात. जमिनीत लोह असतं पण झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं, त्यातही ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, पुडीवर लिहिलंय तेवढंच. आणि पुढच्या वेळी काळी माती वापरूच नका, पोयटा, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या भागात. कच्चं शेणखत घातलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच म्हणून समजा.

ऑनलाइन बी मागवलेल्यांनी, विशेषतः निळ्या आणि काळ्या स्ट्रॉबेरीचं बी मागवलेल्यांनी, पैसे गेले असं समजा. निळी स्ट्रॉबेरी नसते. आणि लाल जरी असली तरी बियाण्यातून मूळ जातीसारखं झाड येत नाही, इथे लागवड रनरच्या, म्हणजे झाडाला फुटणाऱ्या आडव्या फुटव्यांच्या, रोपांनीच होते. महाबळेश्वरचे शेतकरी बाहेरच्या देशातून मातृरोपं आणतात, वाईकडच्या नर्सरीत त्यांची रोपं वाढवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात. तुम्हीही त्याच दिवसांत त्याच भागातून विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली या जातींची रोपं आणा. जानेवारीत रस्त्याकडेला फळं लगडलेली कुंडी मिळते ती बघायला छान असते, पण घरी आणून महिना-दीड महिन्यात ऊन तापलं की संपते, मग लोक म्हणतात आमच्याकडे स्ट्रॉबेरी येत नाही. येते हो, सुरगाण्यात येते, चिखलदऱ्याला येते. वेळ चुकवली तर मात्र कुठेच येत नाही.

लावताना क्राऊन, म्हणजे पानं फुटतात तो मधला गाभा, मातीत पुरायचा नाही. अर्धा वर दिसला पाहिजे. रोप कुजलं म्हणून बुरशीनाशकाच्या बाटल्या घेणाऱ्यांतले बहुतेक जण इथेच चुकलेले असतात, आणि दुकानदार हे विचारत नाही कारण विचारून त्याची बाटली खपत नाही. लावल्यावर पहिली आलेली फुलं खुडून टाका, जीव तुटला तरी खुडा, आधी झाड भरू दे. रनर फुटले तर तेही कापा.

आणि माझं आवडतं काम, पाचट. उसाचं वाळलेलं पाचट बारीक तोडून कुंडीत दोन बोटं जाड पसरा, क्राऊनला चिकटू न देता. फळ मातीला टेकत नाही, कुजत नाही, ओल टिकते, पाणी कमी लागतं. उसाच्या पट्ट्यात राहून पाचट जाळायचं आणि कुंडीसाठी प्लॅस्टिक विकत आणायचं, हे मला अजून कळलेलं नाही. शेतात मल्चिंग पेपर ठीक आहे, गच्चीवरच्या कुंडीत पाचटच. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नको. संध्याकाळी पानं ओली राहिली की राखाडी बुरशी फळावर चढते.

बारामतीकडच्या दादांची फळं वाकडीतिकडी येतायत, त्यांना दुकानदाराने जिबरेलिक, म्हणजे वाढीचं संप्रेरक, देऊ केलंय. दादा, बाल्कनीला जाळी लावलीय तुम्ही, मधमाशी येणार कुठून? सकाळी दहा-अकराच्या सुमारास मऊ ब्रश फुलावरून गोल फिरवा. जिबरेलिक नको.

फेब्रुवारीत लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड, येणार. पानामागे पाण्याचा जोराचा फवारा, खराब पानं काढा, दहा हजार पीपीएमचं नीम लिटरला दोन मिली, संध्याकाळी. सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक मारू नका, कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी वाढतो. फुलं असताना काहीही मारायचं नाही, आणि जे फळ पोरगं कुंडीतूनच तोडून तोंडात टाकणार आहे त्यावर तर नाहीच.

फळ पूर्ण लाल झाल्यावरच तोडा, तोडल्यावर ते गोड होत नाही.

अनुदानाचं विचारलंय बऱ्याच जणांनी, कुंड्यांना काही नाही. शेतात लावणार असाल तर फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) घेऊन राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर फलोत्पादनात अर्ज, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहाय्यक) विचारा. तोडे संपल्यावर मे महिन्यात झाडं सावलीत हलवा, आणि पावसाळ्यात जे रनर येतील ते छोट्या पिशव्यांत धरा, मूळ झाड निरोगी असेल तरच.