पोरगा दुभाषा, ताई वकील आणि रात्री दहाचा फोन

यावेळचे प्रश्न सगळे स्थलांतरित आणि वंचित कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांचे आहेत, फॅमिली वर्कर, केस वर्कर, सेंटरवर फॉर्म भरून देणाऱ्या ताया. नावं काढून टाकलीत, दोन पत्रं जरा आखूड केलीत.

प्रश्न: आईवडलांना इथली भाषा येत नाही, पण अकरा वर्षांचा मुलगा फाडफाड बोलतो. दुभाषा मिळायला चार दिवस लागतात. मुलालाच मधे घेतलं तर काय बिघडलं?

उद्याची भेट किती वाजता आणि कुठल्या मजल्यावर, एवढं मुलाने सांगितलं तर आभाळ कोसळत नाही. पण आजारपण, पैसे, घरातली मारहाण, कोर्टाचं काही, या विषयांत मुलाला अजिबात बसवू नका. आई मुलासमोर नवऱ्याबद्दल बोलेल का? नाहीच बोलणार, आणि तुम्ही फाईलमध्ये लिहाल 'घरी काही तक्रार नाही'. शिवाय पोरं गाळतात. डॉक्टरांनी गाठ तपासायची म्हटलं की पोरगा सांगतो, औषध दिलंय, बरं वाटेल. त्याला आईला घाबरवायचं नसतं, खोटेपणा नसतो त्यात, पण तपासणी राहून जाते. माझ्याच एका मीटिंगमध्ये शाळेला दांड्या मारणारी मुलगी स्वतःच्याच दांड्यांचं भाषांतर करत होती, आई खूश होऊन हसतेय आणि टीचर बघत बसल्यात, मला कळायला पाच मिनिटं लागली.

चार दिवस थांबता येत नसेल तर फोनवरचा दुभाषा बघा. आणि मागताना नुसतं 'अरबी' म्हणू नका, मोरोक्कोच्या माणसाची रोजची अरबी इराकच्या माणसाला कळेलच असं नाही. कुर्दिशमध्ये कुर्मांजी बोली की सोरानी ते विचारा. कुटुंबालाही विचारा की हा माणूस चालेल ना, कारण छोट्या समाजात दुभाषा नवऱ्याचा मित्र निघू शकतो आणि मग आतली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे.

बसताना तोंड आईकडे करा, दुभाष्याकडे नाही. 'त्यांना विचारा की' असं न म्हणता सरळ 'तुम्हाला झोप लागते का' म्हणा, दोन वाक्यं बोला आणि थांबा. शेवटी 'समजलं का' विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात, मीही म्हणते बँकेत. त्यापेक्षा 'मी नीट सांगितलंय की नाही बघू, घरी गेल्यावर आता काय करायचंय ते मला सांगा' असं म्हणा, काय पोचलं नाही ते तिथल्या तिथे कळतं.

प्रश्न: एका कुटुंबाचा आश्रयाचा अर्ज (मायदेशी जिवाला धोका आहे, इथे राहू द्या असा) मीच भरून दिला कारण वकील परवडत नाही. आता दुसरे तिघे मागे लागलेत. करू का?

थांबा. ते सांगतात तसं लिहून देणं वेगळं आणि काय लिहायचं ते सांगणं वेगळं, काय लिहायचं ते सांगितलं की तो कायद्याचा सल्ला झाला. काही देशांत तो परवान्याशिवाय देणं गुन्हाच आहे, ब्रिटनमध्ये तर १९९९ च्या कायद्यापासून, मग तुम्ही फी घ्या नाहीतर फुकट द्या.

पण मला भीती कायद्यापेक्षा तारखांची जास्त वाटते. आश्रयाच्या केसमध्ये आधी काय लिहिलं आणि नंतर मुलाखतीत काय सांगितलं हे शेजारी ठेवून वाचतात, आणि फरक दिसला की माणूस खोटारडा ठरू शकतो. आता भयंकर काही भोगलेल्या माणसाच्या आठवणी क्रमाने येतच नाहीत. त्यात अफगाणिस्तान-इराणचं सौर वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, इथिओपियाचं कॅलेंडर आपल्या रोजच्या कॅलेंडरपेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्यात तेरा महिने असतात. तुम्ही घाईत मनातल्या मनात तारीख बदलून लिहिता आणि अटकेची तारीख सुटकेच्या नंतर येते! खूप निर्वासितांची जन्मतारीख १ जानेवारी का असते माहितीये? खरी तारीख माहीत नव्हती म्हणून नोंदणीत तशी टाकली गेली. नावांचंही तेच, सोमाली माणसाच्या नावात स्वतःचं, वडलांचं आणि आजोबांचं नाव असतं, आडनाव नसतंच, बायको लग्नानंतर नाव बदलत नाही, मग फॉर्मवर नवराबायकोचं 'आडनाव' जुळत नाही म्हणून नसत्या शंका.

तेव्हा त्या तिघांसाठी मोफत कायदा सल्ला केंद्राची अपॉइंटमेंट घेऊन द्या, सोबत जा, वाट बघत बसा, हे काम कमी नाहीये. कागदांच्या कॉपी काढून द्या, ओरिजिनल स्वतःकडे ठेवू नका, एक दिवससुद्धा नाही. आणि जो अर्ज आधीच गेलाय तो तिथल्या जाणकाराला दाखवा, चूक असेल तर मुलाखतीआधी दुरुस्त करता येते का ते विचारा, लाजू नका.

प्रश्न: कुटुंबं भेटवस्तू आणतात. घ्यायची का?

ऑफिसचा नियम शून्य असेल तर शून्य. नसेल तर छोटी वस्तू, सगळ्यांसमोर, एकदा, आणि नोंद करून. रोख रक्कम कधीच नाही. उसनेही देऊ नका घेऊ नका.

प्रश्न: मीही याच समाजातली, याच देशातून आलेली. लोक रात्री दहाला फोन करतात, कार्यक्रमात फॉर्म काढून बसतात. नाही म्हटलं की 'मोठी झाली आता'.

हे ऐकावंच लागतं, त्यावर उपाय मला सापडलेला नाही. कामाचा फोन वेगळा ठेवा आणि किती वाजता बंद होतो ते पहिल्याच भेटीत सांगा, तक्रार झाल्यावर सांगितलं की अपमान वाटतो. तातडीला कुठे फोन करायचा तो नंबर लिहून द्या, म्हणजे तुमचा फोन बंद असणं म्हणजे दार बंद असणं होणार नाही. एकाला रात्री उचललात तर दुसऱ्यालाही उचलावा लागणार हे धरून चाला.

आणि एक उलट बाजू. काही लोकांना तुम्ही त्यांच्यातल्या आहात म्हणूनच तुमच्याशी बोलायचं नसतं. 'माझ्याऐवजी बाहेरचं कोणी हवंय का' हे विचारून टाका, वाईट वाटून घेऊ नका. कार्यक्रमात दिसले तर आपणहून ओळख दाखवू नका, त्यांनी दाखवली तर हसा.

प्रश्न: नऊ वर्षं झाली या कामाला. परवा एक बाई सांगत होती की मुलगा वाटेत हरवला, दोन वर्षं पत्ता नाही, आणि मी मनात गाडी कुठे लावली ते आठवत होते. मी वाईट झालेय का?

नाही हो. बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस आतून रिकामा होणं, हा शब्द ज्यांच्यामुळे रुळला ते मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्याबद्दल लिहीत होते, तिथे राबणाऱ्यांबद्दल आणि स्वतःबद्दल, म्हणजे हा शब्द आला तोच तुमच्यासारख्यांसाठी. थकणं दिसतं, पण समोरच्याबद्दल काही न वाटणं हाही त्याचाच भाग आहे. सुट्टी घ्या, पण परत आल्यावर टेबलावर तेवढ्याच केसेस असतील तर आठवड्यात परत तेच. सुपरवायझरकडे केसेसचा आकडा कागदावर घेऊन जा, 'मला जड जातंय' एवढ्याने कोणी हलत नाही. झोप उडाली असेल किंवा लोकांनी सांगितलेलं स्वप्नात येत असेल तर समुपदेशकाकडे जा, तो थकवा वेगळा.

त्या बाईला मात्र परत बोलवा. कुटुंबांसोबत काम करणाऱ्या थेरपिस्ट पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाला 'संदिग्ध वियोग' या अर्थाचं नाव दिलंय, माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही, रडायचं की वाट बघायची तेच कळत नाही. 'येईल हो' म्हणू नका, 'आता विसरा'ही नाही. रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट ताटातूट झालेल्या कुटुंबीयांचा शोध घ्यायला मदत करतात, पैसे घेत नाहीत. आधी तिला अर्ज द्यायचाय का विचारा, सगळ्यांना नको असतो. हो म्हणाली तर मुलाचं नाव ती उच्चारते तसं लिहून घ्या, मग तिच्याकडच्या कागदावर कसं आहे ते शेजारी लिहा, दोन्ही ठेवा.