मुलीचा फोन काढून घ्यायच्या आधी हे वाचा

ताई, मित्रासोबतचा फोटो पसरवू अशी धमकी तुमच्या मुलीला येतेय आणि घरचे तिलाच बोलतायत, हे वाचलं आणि आमचं घर डोळ्यांपुढे आलं. माझी धाकटी बहीण तेव्हा पंधराची होती. पासवर्ड, ब्लॉक वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

बाबांनी त्याच रात्री तिचा फोन घेतला आणि मी सगळं चॅट पुसून टाकलं. ती घाण नजरेसमोर नको, एवढंच डोक्यात होतं. धमक्या, प्रोफाइलची लिंक, तारखा, सगळं गेलं. त्याहून वाईट म्हणजे मैत्रिणीच्या फोनवर धमक्या येतच राहिल्या आणि बहिणीने दोन महिने आम्हाला कळू दिलं नाही. सांगितलं तर आणखी काय काढून घेतील, याची तिला भीती होती.

तक्रार केली त्या कार्यालयात चार लोकांदेखत पहिला प्रश्न आला, "फोटो काढलाच कशाला?" मग, "यात अश्लील काय आहे?" अजून आठवलं की संताप होतो. ॲपचंही उत्तर तेच, नियमभंग नाही. त्यांचे नियम नग्नता ओळखतात. खांद्यावर हात ठेवलेला फोटो एखाद्या घरात मुलीचं शिक्षण थांबवायला पुरतो, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून माझं मत, रिपोर्ट करताना 'नग्नता' निवडू नका, 'धमकी' किंवा 'छळ' निवडा आणि फोटो घरी पोचला तर तिचं काय होईल ते स्पष्ट लिहा. शिवी आपल्या भाषेतली पण इंग्रजी अक्षरांत असेल, तर अर्थही लिहा.

फोटो नग्न किंवा अर्धनग्न असेल, अगदी बनावट असला तरी, असे फोटो पसरणं रोखायला मदत करणाऱ्या ऑनलाइन सेवा आहेत: १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन', मोठ्यांसाठी २०२१ पासून 'स्टॉपएनसीआयआय'. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे फोटोवरून बनलेला कोड, तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या तो जुळवून पाहतात. कापलेला किंवा बदललेला फोटो मात्र निसटू शकतो. असा फोटो पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका, अनेक देशांत तोच गुन्हा ठरतो. स्क्रीनशॉट धमक्यांचे ठेवा.

मी वकील नाही, तुमच्याकडचा कायदा विचारून घ्या. पण आज कुणाही नातेवाइकाला सांगण्याआधी तिला विचारा, कुणाला सांगितलेलं चालेल. आम्ही ते विचारलंच नव्हतं.